आधीं बांध, मग विहीर

आपल्यांतील बहुतेक शेतकऱ्यांस एकरीं किती गाड्या शेणखत पडलें, खुरपणीस किती बाया लागल्या आणि उसास कितवें पाणी चाललें आहे, हें न अडखळतां सांगतां येतें. कडब्याच्या किती पेंढ्या उरल्या हेंहि तोंडीं असतें. परंतु त्याच शेतकऱ्यास, "गेल्या महिन्यांत आपल्या घरांत विजेचीं किती युनिटें जळलीं?" असें विचारलें, तर तो बिलाचे रुपये सांगेल, युनिटें सांगणार नाहीं. पैसा गेला एवढें त्यास कळतें, कोणत्या वाटेनें गेला हें कळत नाहीं. शेतांत एका वाफ्याचा बांध फुटला तर मध्यरात्रीं फावडें घेऊन धांवणारे आपण, घरांतला बांध वर्षानुवर्षें फुटलेला असतां स्वस्थ झोंपतों. ह्या एका गोष्टीविषयीं चार शब्द लिहावे असें योजिलें आहे.

ह्या बेफिकिरीस कारणहि आहे. आपल्याकडे विजेची चर्चा निघाली म्हणजे ती शेतीपंपाची निघते. रात्रीची पाळी, जळलेला ट्रान्सफॉर्मर, थकबाकी, तोडलेली जोडणी, ह्या गोष्टींनीं आपल्या सभा गाजल्या, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. २०२४ सालापासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचें बिल भरण्याचें राज्य सरकारनें पत्करलें. त्या योजनेचे गुणदोष हा आजचा विषय नव्हे. परंतु वीज म्हणजे फुकटची वस्तु, असा एक समज तिच्या पाठोपाठ शेतावरून घरांत शिरला आहे. घराची जोडणी निराळी, मीटर निराळा व दरहि निराळा. तेथें माफी नाहीं. विहिरीवर जो हात सैल झाला तो माजघरांत आपोआप आवळत नाहीं, आणि त्याची किंमत दरमहा रोख मोजावी लागते.

तेव्हां प्रथम बिल वाचावयास शिकलें पाहिजे. सातबाराचा उतारा आपण ओळीओळीनें वाचतों. विजेचें बिल मात्र भरण्याची तारीख व शेवटचा आंकडा पाहून खुंटीस टांगतों. महावितरणच्या घरगुती बिलांत युनिटांचे टप्पे असतात : पहिलीं १०० युनिटें, नंतर १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढील. प्रत्येक टप्प्यास दर चढता आहे. हे दर वेळोवेळीं बदलतात. तथापि गेलीं कांहीं वर्षें दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या सुमारें दुप्पट राहिला आहे. शिवाय प्रत्येक युनिटावर वहन आकार पडतो व ह्या आकारांवर शेंकडा १६ वीजशुल्क चढतें. स्थिर आकार तेवढा वीज जाळा वा न जाळा, द्यावाच लागतो. ह्या रचनेंतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ज्याच्या घरीं १६० युनिटें लागतात त्यानें दहा वांचविलीं, तर तीं स्वस्त शंभरांतलीं वांचत नाहींत. महाग साठांतलीं वांचतात. म्हणजे वांचलेलें युनिट हें नेहमीं आपल्या बिलांतील सर्वांत महाग युनिट असतें. दहा युनिटांनीं काय होणार, असें म्हणणाऱ्यानें हें ध्यानीं घ्यावें.

मला हें उशिरां कळलें, हें कबूल करतों. एका पौष महिन्यांत आमच्या घरचें बिल २१२ युनिटांचें आलें. मीं नेहमींप्रमाणें मीटरला दोष दिला आणि तक्रार लिहावयास बसलों. तेव्हां घरांतून शब्द आले, "अहो, मीटर राहूं द्या. गच्चीवरची टाकी रोज सकाळीं वाहते, ती आधीं पाहा." रागानें उठलों व पाहूं लागलों. टाकी खरोखरीच वाहत होती. खालच्या टांक्यांतून पाणी चढविणारी मोटार एक अश्वशक्तीची. ती तासास सुमारें एक युनिट खाते. मोटार सुरू करून माणूस गोठ्यांत जावयाचा व धारा आटोपून परत यावयाचा. तोंवर अर्धा तास पाणी केळींच्या आळ्यांत पडावयाचें. दिवसाचें अर्धें युनिट, महिन्याचीं पंधरा! आम्ही केळींस घरगुती दराचें पाणी पाजीत होतों.

त्या दिवसापासून मीं एक वही घातली. रोज सकाळीं सातच्या ठोक्यास मीटरचा आंकडा लिहावयाचा, एवढेंच काम. एके रात्रीं घरांतलीं सर्व बटणें बंद करून मीटरवरचा तांबडा दिवा पाहत बसलों. सर्व बंद असतां तो लुकलुकतां कामा नये. पण तो सावकाश लुकलुकतच होता. शोध केल्यावर टेलिव्हिजनजवळची पेटी सांपडली. पडदा मिटला तरी ती जागीच असते. दहा वॅटांची जरी धरली तरी चोवीस तासांच्या हिशेबानें महिन्यास सात युनिटें होतात. ही परीक्षा प्रत्येकानें करून पाहावी. तींत पेटी, चार्जर अशा वस्तु सांपडल्या तर खर्च वांचतो. आणि सर्व वस्तु भिंतींतून उपटल्यावरहि दिवा लुकलुकत राहिला, तर कोठें तरी तारेंतून वीज झिरपत असण्याचा संभव असतो. मग बिलाचा प्रश्न मागें राहून जिवाचा प्रश्न पुढें येतो, व त्याच दिवशीं जाणता वायरमन बोलवावा लागतो.

वहीनें दुसरा एक भ्रम दूर केला. घरांत विजेची काटकसर म्हणजे दिवे मालविणें, अशी आपली समजूत आहे. साठ वॅटांचे तारेचे दिवे होते तोंवर तिला अर्थ होता. आज नऊ वॅटांचा एलईडी दिवा तेवढाच उजेड देतो. असा दिवा रोज पांच तास लावला, तरी एक युनिट जळावयास बावीस रात्री लागतात. उलट पंधरा लिटरांची एक बादली अंघोळीपुरती तापविण्यास सुमारें तीन दशांश युनिट लागतें. म्हणजे ऊन पाण्याच्या एका बादलींत सहा-सात रात्रींचा दिवा बुडतो. पांच माणसांच्या घरांत रोज पांच बादल्या धरल्या, तर महिन्याचीं पंचेचाळीस युनिटें न्हाणीघराच्या मोरींतून वाहून जातात. मुलांस दिव्यावरून रागें भरणारा गृहस्थ स्वतः मात्र दोन बादल्यांनीं न्हातो, असा हा प्रकार आहे.

विजेनें पाणी तापविण्यांत केवळ खर्च नाहीं, एक विलक्षण वेडेपणाहि आहे. आपल्या राज्यांतील बरीचशी वीज कोळशापासून होते. कोळसा जाळून पाणी उकळावयाचें, त्याच्या वाफेनें चक्र फिरवावयाचें, ह्या खटाटोपांत कोळशाच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांशच विजेच्या रूपानें हातीं यावयाची, ती तारांवरून शेंकडों मैल आणावयाची, आणि शेवटीं तिनें काय करावयाचें, तर पुन्हा पाणीच तापवावयाचें! एका युनिटास सहा-सातशें ग्रॅम कोळसा जळतो. आणि ज्याच्या अंगणांत वर्षांतले आठ महिने कडक ऊन पडतें तो गृहस्थ हें करतो. वीज ही चक्र फिरविण्यास, दिवा लावण्यास, थंडावा आणण्यास योग्य अशी उंची वस्तु आहे. तिच्याकडून पाणी तापवून घेणें म्हणजे शर्यतीच्या खोंडास घाण्यास जुंपणें होय.

म्हणून माझा पहिला सल्ला असा कीं, अंघोळीचें पाणी विजेवरून काढावें. छपरावर बसविण्याचा शंभर लिटरांचा सौर बंब चांगल्या उन्हांत दिवसाकांठीं सुमारें चार युनिटांची उष्णता पाण्यास देतो. आपल्याकडील बोअरचें पाणी जड असतें. त्यांतील क्षार नळ्यांत बसतात व चार-पांच वर्षांत बंब निकामी झाल्याची ओरड होते. दोष बंबाचा नसून पाण्याचा असतो. शक्य असेल तेथें पावसाचें वा नदीचें पाणी त्यास द्यावें, नाहीं तर नळ्या वेळच्या वेळीं धुवून घ्याव्या. ढगाळ दिवसांसाठीं अडगळींतला जुना तांब्याचा बंब बाहेर काढावा. दाणे काढलेलीं मक्याचीं कणसें, तुरीच्या काड्या, नारळाच्या शेंड्या ह्यांवर तो उत्तम चालतो. मात्र तो अंगणांत, उघड्यावर पेटवावा. न्हाणीघरांत कोंडून नव्हे.

दुसरा सल्ला पंख्यांविषयीं. जुना छताचा पंखा सुमारें ७५ वॅट घेतो. रोज बारा तास फिरला तर महिन्यास २७ युनिटें होतात. आतां निघालेले बीएलडीसी जातीचे पंखे तेवढाच वारा तीसएक वॅटांत देतात. महिन्याचीं अकरा युनिटें. घरांत असे दोन पंखे फिरत असतील तर उन्हाळ्यांत दरमहा तीस युनिटें येथेंच वांचतात. तिसरा सल्ला शीतकपाटाविषयीं. शहरांतला नातलग आपला जुना फ्रिज प्रेमानें गांवीं पाठवितो, व आपण तो फुकट आला म्हणून ठेवून घेतों. तो फुकट नसतो. दाराचें रबर सैल झालेला असा फ्रिज दिवसभर घरघरत राहून आपली किंमत बिलांतून वसूल करून घेतो. नवा घेणें झाल्यास ऊर्जा दक्षता ब्यूरोनें २००६ सालीं सुरू केलेलीं तारकांचीं चिन्हें पाहावीं. तारका अधिक तितका खर्च कमी, आणि चिठ्ठीवर वर्षाचीं युनिटेंहि छापलेलीं असतात. दुकानदाराच्या तोंडापेक्षां त्या आंकड्यावर विश्वास ठेवावा.

आतां स्वयंपाकघराकडे वळूं. आपल्या आज्यांस ऊष्णतेचें शास्त्र कोणी शिकविलें नव्हतें. तरी चुलीस वैल ठेवण्याची युक्ति त्यांना माहीत होती. पुढें भाकरी भाजली जात असतां मागें वैलावर वाया जाणाऱ्या धगीनें आमटी ऊन राहत असे. गॅसची शेगडी घरांत आली आणि वैलाबरोबर ती बुद्धीहि गेली. डाळ तास-दोन तास भिजवून मग शिजविणें, भांड्यावर झांकण ठेवणें, उकळी फुटल्यावर आंच मंद करणें, ह्यांत एक पैसा खर्च नाहीं. पाणी एकदां उकळलें म्हणजे आंच कितीहि मोठी केली तरी उघड्या भांड्यांत त्याचा ताप वाढत नाहीं. फक्त वाफ अधिक होते. कुकरांत मात्र दाबामुळें पाणी १२० अंशांच्या आसपास चढतें, आणि म्हणूनच त्यांत डाळ लवकर शिजते. तीन शिट्यांनंतर शेगडी बंद केली तरी आंतल्या धगीवर शिजणें चालूच राहतें. तें पुरें होऊं द्यावें.

ज्यांच्या दावणीस चार-पांच जनावरें आहेत त्यांनीं गोबरगॅसचा विचार पुन्हा करावा. पुन्हा म्हणण्याचें कारण असें कीं, आपल्या गांवोगांवीं गंजलेल्या टाक्यांचीं जुनीं संयंत्रें उकिरड्यासारखीं पडलेलीं दिसतात व तीं पाहून नवा माणूस बिचकतो. तीं लोखंडी झांकणाचीं होतीं. रंग दिला नाहीं कीं गंजत. १९८४ सालीं आलेल्या दीनबंधु पद्धतीच्या संयंत्रांत लोखंडी टाकीच नाहीं. विटांचा घुमट जमिनींत असतो. दोन घनमीटरांच्या संयंत्रास रोज सुमारें पन्नास किलो शेण लागतें, आणि त्याचा गॅस नीट मिळाला तर महिन्याकांठीं एका सिलिंडरहून अधिक काम देतो. थंडींत थोडा कमी. शेणाची गोवरी केली म्हणजे धग मिळते व खत जातें. गोबरगॅसांत धग मिळून खतहि शेतास परत येतें. शेतकऱ्याच्या घरीं ह्याहून चोख व्यवहार दुसरा नाहीं. मात्र रोज शेण कालविण्यास माणूस हवा. तो नसेल तर ह्या भानगडींत पडूं नये, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे.

घराच्या बांधणीविषयींहि एक वाक्य अवश्य आहे. सोलापूर-मराठवाड्याकडील माळवदाच्या घरांत वैशाखांतहि दुपारीं झोंप लागत असे, कारण छपरावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. आपण तीं घरें पाडून सिमेंटच्या स्लॅबचीं बांधलीं. तो स्लॅब दिवसभर ऊन पितो व रात्रभर आपल्यावर ओततो. मग दोन पंखे, कूलर, आणि आतां वातानुकूलन यंत्र! ह्यांतलें कांहीं विकत आणण्यापूर्वीं फाल्गुनांत गच्चीवर चुन्याचे दोन हात द्यावे, आणि पश्चिमेच्या भिंतीस सावली पडेल असें एखादें झाड लावावें. चुन्याची किंमत एका महिन्याच्या बिलाएवढीहि होत नाहीं.

ह्यावर हल्लीं एक आक्षेप हमखास येतो : "छपरावर सौर पत्रे बसविले कीं काम झालें, मग ही कंजुषी कशाला?" २०२४ सालीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत एका किलोवॅटास ३० हजार, दोहोंस ६० हजार व तीन किंवा अधिकांस ७८ हजार रुपये साहाय्य ठरविलें गेलें. योजना चांगली आहे. मी तिच्या विरुद्ध नाहीं. परंतु साहाय्य वजा जातां उरलेली रक्कम आपल्यालाच घालावी लागते, आणि पुष्कळ ठिकाणीं ती कर्जाऊ असते. एका किलोवॅटाचे पत्रे महिन्यास सुमारें शंभर ते सवाशें युनिटें देतात. ज्याच्या घरीं २१० युनिटें जळतात त्यास दोन किलोवॅट हवे. तोच गृहस्थ आधीं गळती बुजवून १४० वर आला, तर त्याची मोठी गरज एका किलोवॅटांत भागते. ज्या शेताचे बांध फुटलेले आहेत तेथें नवी विहीर खणणारास आपण शहाणा म्हणत नाहीं. आधीं बांध, मग विहीर. हाच क्रम छपरासहि लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो पुरुषमंडळी काढीत नाहींत म्हणून मीच काढतों. काटकसरीचा हुकूम ओसरीवरून सुटतो, व ती पाळावी लागते चुलीपुढें. गॅस महागला कीं "दोन महिने चुलीवर भागवा" असें सांगणारे शहाणे आपल्यांत आहेत. सरपण कोण आणतें? धूर कोणाच्या डोळ्यांत व छातींत जातो? घरांतल्या बाईच्या श्वासावर वांचविलेले पैसे ही काटकसर नव्हे. तो खर्च एका वहींतून काढून दुसऱ्या वहींत लिहिणें आहे, आणि ती दुसरी वही पुढें दवाखान्यांत उघडते. म्हणून ज्या बचतीनें बाईचे कष्ट वाढतात ती बचत धरूं नये, असा नियम मीं घातला आहे. मिक्सर व गिरणी ह्यांस लागणारी वीज थोडी आणि वांचणारे श्रम मोठे. त्यांस हात लावूं नये. उलट कोणतें बटण केव्हां व किती वेळ चालतें हें घरांत सर्वांत अधिक तिलाच ठाऊक असतें. आमची टाकी वाहते हें तिला दोन वर्षें माहीत होतें. मीं विचारलें नव्हतें, एवढेंच.

शेवटीं, ही गोष्ट केवळ आपल्या खिशाची नाहीं. वीज व पाणी हे सख्खे शेजारी आहेत. २०१५ सालच्या दुष्काळांत परळीचें औष्णिक केंद्र पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें होतें. कोयनेच्या धरणांतलें पाणी घाट उतरून पोफळीस वीज करतें व वासिष्ठीवाटे समुद्रास मिळतें. तेंच पूर्वेस सोडलें तर कृष्णाकांठच्या पिकांस मिळतें, आणि ह्या वाटणीवरून उन्हाळा आला कीं दरवर्षीं खल होतो. एका घराच्या दहा युनिटांनीं धरण भरत नाहीं, हें खरें. परंतु पाण्यासाठीं भांडणाऱ्यानें, आपल्या न्हाणीघरांत वीज कशी जाते ह्याचा हिशेब आधीं स्वतःशीं मांडावा, म्हणजे त्याच्या भांडण्यास वजन येतें.

आमच्या घरीं पुढच्या पौषांत १४१ युनिटें आलीं. त्यांत कोणी अंधारांत बसलें नाहीं, कोणी थंड पाण्यानें न्हालें नाहीं आणि कोणी धूर खाल्ला नाहीं. टाकीस तरंगता चेंडू लावला, छपरावर सौर बंब चढविला, पेटीचें बटण रात्रीं बंद होऊं लागलें, उरलेले दोन जुने दिवे बदलले, एवढेंच झालें. सभासद बंधूंस माझी विनंति मोठी नाहीं. दहा रुपयांची एक वही आणावी, ती मीटरजवळ खिळ्यास टांगावी, आणि तीन महिने रोज सकाळीं एक आंकडा लिहावा. लिहिण्याचें काम घरांतल्या शाळकरी मुलास द्यावें आणि वाचण्याचें घरच्या बाईस. मंडळाच्या पुढील सभेस येतांना ज्यानें त्यानें आपली वही बरोबर आणावी. मी माझी आणीनच. मग दरवाढीविरुद्ध अर्ज लिहावयाचा असेल तर तोहि आपण तेथेंच बसून लिहूं, आणि त्या अर्जांत आपल्या हातचे आंकडे असतील.